होडीतून दाभोळ : वाशिष्ठी खाडी, कुंभार्ली घाट आणि साताऱ्याचे पाणी

प्रस्तावना

सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांना समुद्र नाही. येथील माणसाला होडी माहीत आहे ती कृष्णेवरची, एका तीरावरून दुसऱ्या तीरावर नेणारी. सांगलीत १९२९ साली आयर्विन पूल झाला आणि तेथील नावेचे महत्त्व ओसरले. पुढे गावोगावी पूल होत गेले तशी नाव पूर आणि यात्रा यांपुरती उरली. कृष्णा सुमारे १४०० किलोमीटर वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या वरच्या पात्रात खडक, डोह आणि उन्हाळ्यातील उथळ पाणी असल्याने दूरच्या मालवाहतुकीचा मार्ग म्हणून तिचा उपयोग मर्यादितच राहिला. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर उभे राहून समुद्राचा विचार केला, तर नदी ज्या दिशेने जाते त्या दिशेचा समुद्र फार दूर आहे. याउलट पाठीमागे, सह्याद्रीच्या पलीकडे, सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटरवर दाभोळ आहे.

दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळातील पश्चिम किनाऱ्यावरचे एक अग्रगण्य बंदर. आज ते रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात, वाशिष्ठी नदीच्या मुखाशी, उत्तर तीरावर एका गावाच्या रूपाने उरले आहे. दापोलीहून मोटारीने तेथे जाणाऱ्यास डोंगर उतरून एकदम वस्तीत शिरावे लागते आणि एवढ्या चिंचोळ्या जागेत एवढे मोठे बंदर कसे वसले असेल, असा प्रश्न पडतो. या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावरून मिळत नाही. बंदराचे तोंड पाण्याकडे असते, रस्त्याने जाणारा त्याच्या परसदारातून आत येतो. प्रस्तुत लेखात चिपळूणजवळच्या गोवळकोटपासून दाभोळपर्यंतचा खाडीमार्ग वल्ह्याच्या लहान होडीतून कसा उलगडतो, त्यावरून या बंदराची रचना कशी समजते आणि तिचा सातारा-सांगलीशी काय संबंध आहे, याचा विचार केला आहे.

भरतीचे गणित

खाडीत होडी घालण्यापूर्वी पंचांग पाहावे लागते. कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे लागतात, त्यामुळे आजच्या भरतीपेक्षा उद्याची भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. घड्याळ व छापील कोष्टके नसतानाही दर्यावर्दी माणसाजवळ यासाठी एक सोपा आडाखा होता आणि तो आजही वापरला जातो. तिथीच्या अंकाला तिनाने गुणावे, चाराने भागावे; येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला ६, दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास पूर्ण भरती, आणि तीही उधाणाची. अष्टमीच्या आसपासच्या दुबळ्या भरतीला भांग म्हणतात. ज्यांनी महाविद्यालयात भूगोल शिकवताना सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांच्या आकृत्या फळ्यावर काढल्या आहेत, त्यांनी हा आडाखा विद्यार्थ्यांना एकदा करून पाहायला लावावा. दररोजच्या ५० मिनिटांचाच हा ढोबळ हिशेब आहे, कारण तिथीमागे पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे.

गोवळकोटहून दाभोळकडे सकाळी निघायचे असेल तर नवमी-दशमीचा दिवस सोयीचा. भरती सात-साडेसातला, प्रवाह भांगाचा म्हणून सौम्य आणि सकाळचा वारा शांत. चिपळूण समुद्रापासून सुमारे २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर आत आहे. वल्ह्याची होडी ताशी चार-पाच किलोमीटर जाते, ओहोटीचा ओढ मिळाला तर त्याहून थोडी अधिक. कागदावर हा हिशेब सहा-सात तासांत बसतो. प्रत्यक्षात बसत नाही, आणि तो का बसत नाही यातच या बंदराच्या व्यापाराचे एक मर्म दडलेले आहे.

भरती समुद्राकडून आत चढत येते. मुखाशी पूर्ण भरती झाली तरी ती गोवळकोटपर्यंत पोहोचायला आणखी वेळ लागतो. त्यामुळे वरून ओहोटीबरोबर निघालेली होडी जसजशी खाली जाते, तसतशी ती ज्या पाण्यात शिरते तेथील ओहोटी आधीच सरत आलेली असते. तिला पूर्ण सहा तासांचा ओढ मिळत नाही. शेवटच्या टप्प्यात समोरून नवी भरती भेटते, आणि दुपारनंतर समुद्राकडून वाहणारा पश्चिमेचा वाराही तोंडावर येतो. उलट मुखाहून वर चढणाऱ्या होडीबरोबर भरतीची लाट स्वतःच वर सरकत असते, म्हणून तिला अनुकूल प्रवाह अधिक वेळ मिळतो आणि दुपारचा वारा शिडात भरतो. म्हणजे या खाडीत नदीच्या उलट दिशेने वर चढणे हे खाली उतरण्यापेक्षा सोपे आहे. घाटावरच्या माणसाला हे विपरीत वाटेल. पण दाभोळला उतरलेला माल भरती आणि वारा यांच्या पाठबळावर डोंगराच्या पायथ्यापर्यंत ४० किलोमीटर आत जात असे, हे ध्यानात घेतले की दाभोळ हे केवळ किनाऱ्यावरचे बंदर राहत नाही. समुद्र जिथवर जमिनीत शिरला होता तिथवर ते पसरलेले होते.

गोवळकोट ते दाभोळ

गोवळकोटचा धक्का हा या लांबट बंदराचा आतला टोकाचा भाग. शेजारच्या टेकडीवर गोविंदगड आहे. मोठे पडाव व मचवे येथपर्यंत येत आणि येथून माल बैलांच्या पाठीवर चढे. गडाची जागा होडीतून पाहिली की तिचे प्रयोजन विनासायास कळते. तो उंच नाही, दुर्गमही नाही. मात्र माल पाण्यातून जमिनीवर ज्या ठिकाणी येतो नेमक्या त्या ठिकाणावर त्याची नजर आहे. जकातीच्या नाक्याला याहून अधिक उंचीची गरज नसते.

होडी पुढे सरकते तशी दोन्ही काठांवर कांदळवने सुरू होतात. तिवरांच्या मुळ्या ओहोटीला उघड्या पडतात, त्यांच्यामागे खाजणे आणि त्यामागे भातखाचरे दिसतात. मालदोलीच्या परिसरात चिखलाच्या काठावर मगरी ऊन खात पडलेल्या असतात. वाशिष्ठीतील मगरी हे अलीकडे पर्यटनाचे आकर्षण झाले आहे. वल्ह्याच्या होडीत बसलेल्यास मात्र हे आकर्षण हाताच्या अंतरावर येऊ शकते. स्थानिक तांडेल बरोबर असल्याशिवाय, अंगावर जीवरक्षक जाकीट असल्याशिवाय आणि पाण्यात हात घालणार नाही एवढी शिस्त असल्याशिवाय विद्यार्थ्यांना येथे नेऊ नये. लहान होडीला एका बाजूने उलांडी, म्हणजे आडव्या दांड्यांना बांधलेले तरंगते लाकूड असेल तर ती सहसा कलंडत नाही. ही साधी युक्ती पश्चिम किनाऱ्यापासून आग्नेय आशियापर्यंतच्या समुद्रात आढळते.

खेडकडून येणारी जगबुडी नदी वाटेत वाशिष्ठीला मिळते आणि पात्र रुंदावते. आणखी खाली उत्तरेकडून कोटजाई नदी येते. या कोटजाईच्या खोऱ्यात पन्हाळेकाजीची २९ लेणी आहेत. १९७० साली ती प्रकाशात आली आणि पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे यांनी त्यांच्यावर सविस्तर ग्रंथ लिहिला. आरंभीच्या बौद्ध लेण्यांपासून नाथपंथीय शिल्पांपर्यंत अनेक शतकांचे थर तेथे एकाच डोंगरात दिसतात. मोटारीने जाणाऱ्यास ही लेणी आडबाजूच्या रानात लपल्यासारखी वाटतात. खाडीतून पाहणाऱ्यास ती आडबाजूला वाटत नाहीत, कारण पाण्याची वाट त्याच खोऱ्यात वळते. सह्याद्रीच्या दुसऱ्या बाजूला, कऱ्हाडजवळ आगाशिवच्या डोंगरातही बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आहे. व्यापारी मार्ग आणि लेणी यांचा संबंध अभ्यासकांनी जुन्नर, नाणेघाट, कार्ले या बाबतीत पुष्कळ चर्चिला आहे; कुंभार्लीच्या दोन्ही अंगांना असलेल्या या दोन समूहांकडे मात्र एकत्रितपणे पाहण्याची सवय आपल्याकडे कमी आहे. मध्य प्रदेशातील भारहूत येथील स्तूपाच्या दानलेखांत करहाकट येथील दात्यांचे उल्लेख आढळतात. करहाकट म्हणजेच कऱ्हाड. इसवी सनापूर्वीच्या काळात येथील लोक एवढ्या दूर दान देत होते, तर त्यांच्या हाती व्यापाराची धनसंपत्ती होती असे मानावयास जागा आहे.

शेवटच्या टप्प्यात खाडी विस्तीर्ण होते आणि समोर दाभोळ उभे राहते. येथेच रस्त्यावरून पडलेला प्रश्न सुटतो. उत्तर तीरावर डोंगर थेट पाण्यापर्यंत उतरला आहे आणि त्या डोंगराने वारा अडवला आहे. समोर दक्षिण तीरावर अंजनवेलचे भूशिर समुद्रात घुसले असून त्यावर गोपाळगड आहे. मुखाशी वाळूचा दांडा आहे. म्हणजे बाहेरच्या उसळत्या समुद्रापासून आतले पाणी तिन्ही बाजूंनी राखलेले. बंदराला सपाट जमीन लागत नाही. शांत आणि खोल पाणी लागते, आणि ते दाभोळला भरपूर होते. गाव चिंचोळे असले तरी त्याचे अंगण पाण्यावर पसरलेले होते.

पाण्यालगत दिसणारी वास्तू म्हणजे विजापूरच्या धाटणीची मोठी मशीद. ती सतराव्या शतकाच्या मध्यास बांधली गेली. आदिलशाही घराण्यातील एक स्त्री हजला निघाली, समुद्रातील संकटांमुळे तिला जाता आले नाही आणि यात्रेसाठी आणलेले द्रव्य तिने मशिदीवर खर्च केले, अशी कथा सांगितली जाते. कथा बाजूला ठेवली तरी वास्तूचे स्थान बोलके आहे. ती गावाकडे नव्हे, तर गलबतांकडे पाहत उभी आहे. परतणाऱ्या नाखव्याला समुद्रातून आत शिरताच तिचा घुमट दिसत असला पाहिजे. गावाच्या वरच्या अंगाला चंडिकादेवीचे गुहेतील मंदिर आहे. तेथे आजही समईच्या उजेडात दर्शन घ्यावे लागते.

बंदराची पाठ

नकाशावर दाभोळ आणि विजापूर यांना जोडणारी सरळ रेषा ओढली तर तिची लांबी सुमारे २८० किलोमीटर भरते, आणि ती चिपळूण, कऱ्हाड व जत यांच्या अगदी जवळून जाते. विटा तिच्या उत्तरेला आणि तासगाव दक्षिणेला राहते. हा योगायोग नव्हे. सह्याद्रीत कुंभार्ली घाट या रेषेवर आहे. घाट चढून हेळवाकला आले की कोयनेचे खोरे पाटणमार्गे कऱ्हाडपर्यंत तयार वाट देते. दातेगड आणि वसंतगड हे या वाटेचे राखणदार. आजचा गुहागर–विजापूर महामार्ग चिपळूण, पाटण, कऱ्हाड, विटा, जत असाच जातो. रस्त्याला नवा क्रमांक मिळाला, वाट जुनीच आहे.

या वाटेवरून काय जात होते? सर्वांत मोलाचा माल घोडा. दख्खनच्या हवेत चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे आणि राज्ये तर घोडदळावर उभी होती. अरबस्तान आणि इराणच्या आखातातून घोडे गलबतांनी येत. रशियन प्रवासी अफनासी निकितिन पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात बिदरपर्यंत फिरला आणि परतताना दाभोळहूनच जहाजात बसला. घोड्यांच्या व्यापाराचे हे मोठे बंदर असल्याची नोंद त्याने केली आहे. बहमनी राज्याचा पुढे वजीर झालेला महमूद गावान १४५३ च्या सुमारास व्यापारी म्हणून याच बंदरात उतरला होता. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज लेखक बार्बोझा याने दाभोळला येणारे तांबे, पारा, हिंगूळ आणि आतल्या प्रदेशातून नदीने उतरणारा माल यांचे वर्णन केले आहे. त्यात गहू आणि हरभरा आहे. कोकणात गहू-हरभरा पिकत नाही. तो धक्क्यावर येत होता म्हणजे घाटावरचे शेत आणि हे बंदर एकाच साखळीत होते.

बंदराचे वैभवच त्याच्यावर उलटले. डिसेंबर १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेडा याने दाभोळ लुटले आणि जाळले. त्याचा मुलगा त्याच वर्षी चौलच्या लढाईत मारला गेला होता. त्याचा सूड घेण्यासाठी दीवकडे जाताना वाटेत त्याने हा संहार केला आणि फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवची लढाई जिंकली. पुढेही दाभोळवर हल्ले होत राहिले, तरी बंदर पुन्हा उभे राहिले, कारण त्याची पाठ, म्हणजे घाटवाट आणि दख्खनची बाजारपेठ, शाबूत होती. जाळलेले गाव नव्याने बांधता येते. शिवाजी महाराजांनी १६६०-६१ च्या कोकण मोहिमेत दाभोळ घेतले. नंतर अंजनवेल आणि गोवळकोट ही दोन्ही टोके सिद्दीच्या ताब्यात गेली, आणि खाडीची दोन्ही दारे ज्याच्या हाती तो मालाचा धनी, हे पुन्हा एकदा दिसून आले.

या काळातील एक प्रसंग साताऱ्याच्या वाचकास जवळचा आहे. ब्रह्मेंद्रस्वामी हे चिपळूणजवळच्या परशुराम क्षेत्री राहत. १७२७ साली अंजनवेल-गोवळकोटचा अधिकारी सिद्दी सात याने परशुरामाच्या देवस्थानावर हल्ला केला. वादाचे निमित्त एका हत्तीचे होते. त्यानंतर स्वामी घाट चढून वर आले आणि साताऱ्याजवळ धावडशीस राहिले. छत्रपती शाहू आणि बाजीराव पेशवे यांच्यावरील त्यांचा प्रभाव सर्वश्रुत आहे. सिद्दी सात १७३६ मध्ये चिमाजी अप्पांशी झालेल्या लढाईत मारला गेला. धावडशीचे मंदिर आणि तळी पाहणाऱ्यांस या कथेचा आरंभ वाशिष्ठीच्या काठी झाला, हे क्वचितच सांगितले जाते. जिल्ह्याची हद्द ही इतिहासाचीही हद्द आहे असे मानण्याची खोड आपल्या अभ्यासक्रमांना लागली आहे.

एकोणिसाव्या शतकात कुंभार्लीचा गाडीरस्ता झाला आणि या व्यापाराला काही काळ नवी उभारी आली. घाटावरून गूळ, मिरची, भुईमूग उतरत. खालून मीठ, नारळ, खजूर आणि कापड चढे. पावसाळ्यात समुद्र बंद आणि घाटही बंद. नारळी पौर्णिमेनंतर दोन्ही उघडत. बैलांचे तांडे आणि गलबते यांचा हंगाम असा एकाच पंचांगावर चालत असे. मग १८८० च्या दशकात पुण्याहून मिरजेकडे लोहमार्ग आला. कऱ्हाड आणि सांगली परिसराचा माल मुंबईला जाण्यासाठी घाट उतरून भरतीची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. पोर्तुगीजांच्या तोफांनी जे झाले नाही ते लोहमार्गाच्या रुळांनी केले: बंदराची पाठ तुटली. गाळ साचला म्हणून दाभोळ मेले, असे सर्रास सांगितले जाते. गाळ साचला हे खरे. पण ज्या बंदराला माल आहे तेथे गाळ उपसलाही जातो.

विसाव्या शतकाच्या अखेरीस दाभोळचे नाव पुन्हा जगभर गाजले ते वीजप्रकल्पामुळे. प्रकल्प खरे तर समोरच्या तीरावर, गुहागर तालुक्यात अंजनवेल-वेलदूर परिसरात आहे. १९९९ साली त्याचा पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये तो बंद पडला, त्याच वर्षी एन्रॉन कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन झाली. दाभोळ गावाला या साऱ्यातून फक्त नावाची उसनवारी मिळाली.

होडीखालचे पाणी

लोहमार्गाने तुटलेला संबंध १९६० च्या दशकात एका निराळ्या रीतीने पुन्हा जुळला, आणि यावेळी घाटावरून खाली उतरले ते पाणी. कोयनेचे पाणी स्वभावतः कऱ्हाडला कृष्णेस मिळून सांगलीवरून पूर्वेकडे जाते. कोयना जलविद्युत प्रकल्पाने ते शिवसागर जलाशयात अडवून बोगद्यांवाटे सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर पोफळीकडे वळवले. पोफळी, अलोरे आणि पुढे चौथ्या टप्प्याची जनित्रे फिरवून ते वाशिष्ठीत सोडले जाते. कृष्णा पाणीवाटप लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, पश्चिमेकडे वळवण्यासाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. कोयना धरणाची साठवणक्षमता सुमारे १०५ टीएमसी आहे; त्यावरून हे प्रमाण किती मोठे आहे ते कळते. उन्हाळ्यात एरवी आटून जाणारी वाशिष्ठी बारमाही झाली ती यामुळे. गोवळकोटहून एप्रिलात निघालेल्या होडीखालच्या गोड्या पाण्याचा बराचसा भाग महाबळेश्वर-पाटणच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचा असतो.

सातारा-सांगलीतील सभांमधून आणि वृत्तपत्रांतून या पाण्याविषयी बोलताना एक शब्द हमखास येतो: 'समुद्रात वाया जाणारे'. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांची तहान खरी आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना उन्हाळ्यात कोयनेतून पूर्वेकडे सोडल्या जाणाऱ्या पाण्याकडे डोळे लावून बसतात, हेही खरे आहे. विजेसाठी पश्चिमेकडे किती आणि सिंचनासाठी पूर्वेकडे किती, हा प्रश्न रास्त आहे आणि तो विचारला गेलाच पाहिजे. परंतु 'वाया' हा शब्द खाडीतून एकदा गेलेल्या माणसाच्या तोंडी सहज येणार नाही. या पाण्यावर चिपळूणचा पाणीपुरवठा आहे, औद्योगिक वसाहती आहेत. साठ वर्षांत या गोड्या पाण्याने खाडीचा खारेपणा कोठे सुरू होतो ती जागा बदलली आहे, आणि मासे, शिंपले, तिवर ज्या खारेपणावर जगतात तो अशा रीतीने बदलला की मासेमारीही बदलते. भोई, खारवी आणि दालदी समाजांतील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या या खाडीवर जगत आली. रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्यामुळे मासळी घटल्याची त्यांची तक्रार जुनी आहे. प्रदूषण आणि गोड्या पाण्याचा हा बदल यांचा परिणाम वेगवेगळा मोजून दाखवणे, हे रसायनशास्त्र आणि प्राणिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन करण्याजोगे काम आहे. घाटावरच्या महाविद्यालयांनीही त्यात सहभागी व्हावयास हरकत नाही. पाणी त्यांच्याच दारातून गेलेले आहे.

या पाण्याची दुसरी बाजू पुराची. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेच्या पुराने सांगली बुडाली. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले. अतिवृष्टी, त्याच वेळची समुद्राची भरती, नदीत साचलेला गाळ आणि कोळकेवाडीतून आलेले पाणी यांपैकी कशाचा वाटा किती, यावर त्यानंतर बराच वाद झाला. भरती वर चढत असेल तर पुराचे पाणी उतरायला वाट राहत नाही, हे खाडीत वल्हे मारलेल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पुरानंतर वाशिष्ठी आणि शिव नदीतील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले. सांगलीतही पूररेषेतील बांधकामे आणि धरणातून पाणी सोडण्याच्या वेळा यांवर हीच चर्चा होते. एकाच डोंगराच्या माथ्यावरून दोन बाजूंना उतरणाऱ्या पाण्याची ही दोन शहरे. पण सांगलीच्या पूरचर्चेत चिपळूण नसते आणि चिपळूणच्या चर्चेत सांगली नसते. दोघांचेही लक्ष कोयनेच्या दरवाज्यांकडे असते, एवढेच साम्य.

ज्या महाविद्यालयांना असा अभ्यासदौरा योजावयाचा असेल त्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडावेत आणि सर्व ४० किलोमीटर एका दिवसात वल्हवण्याचा हट्ट धरू नये. पूर्वीचे मचवेही एका ओहोटीत निघून भरती लागताच नांगर टाकीत आणि दुसऱ्या ओहोटीने पुढे जात. सकाळी गोवळकोट ते मालदोली, तेथे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी ५० मिनिटे उशिरा निघून दाभोळ, असा क्रम सोयीचा. दाभोळला पोहोचल्यावर होडी मशिदीच्या पायथ्याशी लावावी. तेथून समोरच्या धोपावे गावाला २००३ पासून मोटारी वाहून नेणारी फेरीबोट सुरू आहे. ती दक्षिण तीरावर ज्या रस्त्याला नेऊन सोडते तो गुहागरला मिळतो, आणि गुहागरहून सुटणारा महामार्ग चिपळूणवरून कुंभार्ली चढतो. संध्याकाळी निघालेली गाडी रात्री कऱ्हाडला पोहोचते.